तरवड चालत येत नाही

सिद्धू तरवडाची साल एका ओढीत काढायचा. मला तीन ओढी लागायच्या. आमच्या टोळीत आठ माणसं होती आणि एका ओढीवाला तेवढा एकच.

हे काम आता कुणी करत नाही, म्हणून आधी ते सांगतो. तरवड म्हणजे माळावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप. कुठं कंबरेएवढं, कुठं माणसाच्या उंचीचं. त्याची साल कातडी कमवायला लागते. पावसाळ्यात झाडात रस चढला की साल सुटते, त्यामुळं भादवा आणि अश्विन हे दोन महिने खरे कामाचे. उन्हाळ्यात तीच साल लाकडाला अशी धरून बसते की नखं जातात, साल निघत नाही. अंगठ्याएवढी जाड फांदी बुडातून कोयत्यानं तोडायची. दगडावर ठेवून लाकडी थापीनं हलकी ठोकायची. शेंड्याकडून फोड पाडायची आणि ओढायची. जोर जास्त झाला तर साल मध्येच तुटते, कमी झाला तर जागची हलत नाही. सगळ्यात मोलाची असते ती बुडख्याकडची शेवटची वीत. तिथं साल जाड, रसही तिथंच, आणि माणसाचा हात थकतो तोही नेमका तिथंच. बहुतेक जण ती वीत सोडून द्यायचे. मुकादम हिंदुराव मोळी उलगडून फक्त बुडखे बघायचा.

"शेंडा कुनीबी सोलतंय," तो म्हणायचा. "बुडखा दाव."

सिद्धूचा बुडखा कधी राहिला नाही. तो दिवसाला बारा मोळ्या बांधायचा. माझ्या आठ व्हायच्या, त्याही हिंदुराव दोनदा उलटून बघायचा.

ही गोष्ट छप्पन-सत्तावन्न सालची. निरवांगीच्या वर फॉरेस्टचं कुरण होतं, तिथं आमचं काम चाले. खाली नीरेच्या काठाला शेती, वर माळ, मध्ये दीड मैलाचा चढ. सिद्धू वरच राहायचा. जातीनं धनगर. त्याच्या बापाची दोनशे मेंढरं होती. एका पावसाळ्यात रोग आला आणि तीन आठवड्यांत मेंढवाडा रिकामा झाला. त्या दिवाळीच्या आत बापही गेला. मागं राहिली एक आत्या, गोजरबाई, तिचे गुडघे धरलेले, आणि कुरणाच्या कडेचं एक खोपटं. सिद्धूला भाऊ नव्हता, चुलता नव्हता. हे पुढं नडलं.

मेंढरं गेल्यावर तो साल सोलायला लागला. बोलायचा कमी. दुपारी भाकरीला आम्ही सगळे एका लिंबाखाली बसायचो, तो बसायचा नाही. भाकरी घेऊन वरच्या अंगाला जायचा. तिथं एक चपटा खडक होता. एकदा मला थापीची मूठ बसवून घ्यायची होती, म्हणून मी त्याच्या मागं गेलो. त्यानं न बघताच हात वर केला.

"हलू नको."

"का रं?"

"ती बघ."

मला काही दिसलं नाही. नुसता पिवळाधमक तरवड. मग त्यात एक काळं शेपूट हललं. ते शेपूट सारखं हलत असतं, त्यावरनंच ओळखायचं. हरण. चिंकारा म्हणतात हे मला फार वर्षांनी एका पाटीवर वाचून कळलं, आम्ही हरणच म्हणायचो. शेळीपेक्षा लहान, पाय काडीसारखे, अंगाचा रंग वाळल्या मातीचा. मादी होती, तिलाही वीतभर शिंगं होती.

"एकटीच हाय?"

"आता एकटीच."

पूर्वी त्या कुरणात अकरा होती, असं सिद्धू म्हणाला. मेंढरांमागं होता तेव्हा त्यानं मोजलेली. नंतर बंदूकवाले जीप घेऊन यायला लागले. दोन हिवाळ्यांत अकराची एक झाली. तरवडाला कसलाच धोका नव्हता. त्याला शेळी तोंड लावत नाही, गाय लावत नाही. आम्ही बुडातून तोडायचो, तर पुढच्या पावसाळ्यात एका फांदीच्या जागी चार यायच्या. त्याला कुणी खात नाही म्हणून तो उरला. हरण सगळ्यांना खावंसं वाटतं.

"काय बघतोस लेका तिच्यात रोज?"

"बघत न्हाय. नुस्ता बसतो." आणि म्हणाला, "हिच्या मागं कुनी लागलं की गेली. बसून ऱ्हायलं की येती. आज न्हाय तर उद्या. पर येती."

खरंच यायची. आम्ही बसलो होतो तेवढ्यात ती साठ-सत्तर पावलांवरून चाळीसवर आली. सिद्धूच्या तोंडातला घास तसाच होता. चावायचाही तो थांबला होता.

तिच्या निवाऱ्याला म्हणून तिथला तरवडाचा एक तुकडा त्यानं तोडला नव्हता. हिंदुरावाच्या नजरेतून तो सुटला नाही.

"ह्यो काय देवाला सोडलाय व्हय रं?"

"व्हय," सिद्धू म्हणाला.

हिंदुराव देवाला भ्यायचा. पुन्हा विचारलं नाही. त्या तुकड्याच्या जेवढ्या मोळ्या भरल्या असत्या, तेवढ्या सिद्धूनं पलीकडच्या ओघळीतून काढून दिल्या. मी मोजल्या होत्या. एकही कमी नव्हती.

आता त्याच्या बायकोचं.

कौसल्या काटेवाडीची. बारामतीच्या अलीकडं, कालव्यावरचं गाव. निरवांगीहून नऊ कोस. तिथं दारात पाणी, उसाची हिरवळ, आणि ही पोर आली माळावर, जिथं पाण्याला दीड मैल उतरायचं आणि घागर घेऊन चढायचं. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. मी तिला रोज चढताना बघायचो, डोक्यावर दोन घागरी, मध्ये कुठं टेकायची नाही. तिचा आवाज मात्र मोठा. कालव्याच्या पाण्यावरून पल्याडच्या बायकांशी बोलायची लहानपणापासून सवय. खोपटात बोलली तरी आम्हाला लिंबाखाली ऐकू यायचं.

"भावजी, तुमचा दोस्त मुका हाय ह्ये लग्नाआदी सांगायचं की!" मला म्हणायची.

"मुका कशाचा? बाशिंग बांधताना बोलला व्हता."

"काय म्हनाला?"

"घट्ट बसतंय म्हनाला."

ती हसायची ते खालपर्यंत जायचं. मग वरून सिद्धूचा हात उठायचा. हळू. हरन बुजंल. कौसल्या तोंडावर पदर धरायची. सहा महिन्यांत ती हळू बोलायला लागली. वर्षानं तिचा आवाज आम्हाला लिंबाखाली येईनासा झाला. मला वाटलं, संसारात मुरली.

छप्पनच्या पंचमीला तिचा भाऊ तिला न्यायला आला. पंचमीला माहेरचा माणूस येऊन मुलीला घेऊन जातो, आणि सण झाला की सासरच्या माणसानं जाऊन तिला परत आणायची, अशी आमच्याकडं रीत. ती आपल्या पायांनी येत नाही. आली तर माहेरची आळी म्हणते, जड झाली होती. सासरची म्हणते, दम निघाला नाही. आणि न्यायला नवऱ्यानं स्वतः जायचं नसतं. दीर जातो, सासरा जातो, चुलतसासरा जातो. नवरा गेला तर लोक हसतात.

ती निघाली तेव्हा मी खोपटापुढं कोयत्याला धार लावत होतो. भाऊ गाठोडं घेऊन पुढं झाला. कौसल्या थांबली.

"न्यायाला कोन येनार?" तिनं सिद्धूला विचारलं.

"बगू," सिद्धू म्हणाला.

ती उभी राहिली. अजून काही बोलेल म्हणून असेल. मग गेली. भांडण नाही, तंटा नाही.

श्रावण गेला, भादवा गेला, दसरा झाला, दिवाळी झाली. गोजरबाईचे गुडघे नऊ कोसांचे नव्हते. दीर नव्हता, सासरा नव्हता. कुणी गेलं नाही.

"आरं, तू जा की बाबा," गोजरबाई म्हणायची. "हसतील तर हसतील. दात त्यांचंच दिसतील."

"येईल, आत्ती."

"कशी येईल? पाखरू हाय व्हय?"

मी एकदाच विचारलं. दुसऱ्याच्या घरात तोंड घालायची मला सवय नव्हती, पण सात-आठ महिने झाले होते.

"जात का न्हाईस?"

तो साल ओढत होता. पूर्ण ओढून झाल्याशिवाय बोलला नाही. "मागं लागलं की जात्यात, कुंडलिक. बसून ऱ्हायलं की येत्यात."

मला त्या वेळी ते पटलंसुद्धा. माणूस रोज खडकावर बसतो, आणि रोज ते रानातलं जनावर आपण होऊन त्याच्याजवळ येतं. त्यानं दुसरं काय शिकावं?

सत्तावन्नची पंचमी आली. यंदा तिला न्यायला कुणी येण्याचा प्रश्न नव्हता, ती तिथंच होती. पोळ्याच्या आधी काटेवाडीकडून एक माणूस निरोप सांगून गेला. कौसल्याचा बाप सोनबा दसऱ्यापर्यंत वाट बघणार. पुढं नाही. न्यायला कुणी आलं नाही म्हणजे टाकली, असं पंचांनी धरलं होतं. नीरेपल्याडचा एक बिजवर होता, बागायती होती. त्याच्याशी पाट लावायचा.

आमच्याकडं बैलपोळा भादव्याच्या अमावास्येला. त्या दिवशी गाड्या बंद, काम बंद. सिद्धू पहाटेच उठून गेला. कुठं ते कुणाला सांगितलं नाही, पण धुतलेलं धोतर आणि नवं घोंगडं दिसत नव्हतं, म्हणून गोजरबाईनं ओळखलं. तिनं दिवसभर चूल विझू दिली नाही. सुनेसाठी पुरणाच्या दोन पोळ्या झाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मी देवीसाठी पत्रावळीची पानं द्यायला वर गेलो होतो. सिद्धू आला तो एकटा. घोंगडं घडी केलेलं, तसंच खांद्यावर.

गोजरबाईनं त्याच्या मागं वाटेकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. घटावर नऊ दिवस तरवडाच्या फुलांची माळ चढवायची असते, ती फुलं आणायची राहिली होती. तो खोपटाला टेकून बसला.

"बसतोस काय? फुलं आन जा," ती म्हणाली. "तरवड काय चालत येनार हाय व्हय घरी?"

तो उठला. मीही गेलो. फुलं खुडताना त्यानं सांगितलं. तुटक, मला जोडून घ्यावं लागलं.

दुपारी काटेवाडीला पोचला. सोनबाचं घर कालव्याच्या कडेला, समोर लिंब. लिंबाखाली बसला. घर समोर दिसत होतं. दार उघडं होतं.

"मग?"

"बसलो."

"हाक न्हाय मारली?"

"कुनाला मारू? आनि काय म्हनून मारू?"

ते खरं होतं. बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती. घरात 'अगं' म्हटलं की भागायचं. दुसऱ्याच्या आळीत 'अगं' म्हणून ओरडलं तर चार बायका वळून बघतील. सोनबाला हाक मारावी, तर जावयानं सासऱ्याला नावानं पुकारायचं नसतं. न्यायला येणाऱ्यानं काय म्हणायचं असतं ते ठरलेलं आहे, पण नवऱ्यानं यायचं नसतं, म्हणून त्याच्या तोंडी कसले शब्दच ठेवलेले नाहीत.

"ती दिसली?"

"दोनदा भाईर आली."

"तिनं बघितलं तुला?"

"बघितलं. मी हललो न्हाय."

मी फुलं खुडायची थांबलो. तो खुडत होता. देठासकट, एकसारखी, एकही पाकळी न सांडता.

"सांच्यापतुर बसलो," तो म्हणाला. "मग दार लावलं त्यांनी."

मला फार राग आला. त्याच्यावरच आला. पण मी काही बोललो नाही.

मी आता तेच मोजत बसतो. त्या महिन्यात मला बोलायचे प्रसंग किती आले आणि मी बोललो किती.

अष्टमीला मध्यरात्रीच मी सालीची गाडी घेऊन बारामतीला निघालो. कातडी कमावणाऱ्यांकडं माल टाकायचा होता. काटेवाडीत कालव्यावर बैलांना पाणी दाखवायला थांबलो. कौसल्या धुणं धूत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले.

"भावजी. बरं हाय?"

"हाय. तुमी?"

"ह्ये असं." तिनं लिंबाकडं बोट केलं. "पोळ्याला तितं बसलं व्हतं त्ये. सांगितलं का तुमाला?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुमी दोनदा भाईर आला म्हनून."

ती हसली नाही. "भांडी घासाया आले व्हते. घासलेलीच भांडी. पयल्यांदा घासली, कुनी हाक मारंना. आत गेले. पुन्ना तीच भांडी घेऊन आले. आई म्हनाली, आगं झिजवतीस काय ती? म्या म्हनलं, राख लागली हाय." तिचा आवाज मोठाच होता, पूर्वीसारखा. "भावजी, बाईमानसानं हाकेबिगार रस्त्यावर जायाचं का? मी काय त्येंच्या रानातलं हरन हाय, आपनहून याया? एक हाक मारायची व्हती. नावानं मारली असती तरी चाललं असतं. हसलं असतं गाव. हसू दे की."

"अजून मारली तर?"

तिनं धुण्याकडं बघितलं. "दसऱ्याला सुपारी फुटनार. त्येच्या आत हाक आली तर मी गाठोडंबी बांधनार न्हाय. हाय तशी येईन. सांगा."

"सांगतो."

ती धुणं घेऊन घरी गेली. मी लिंबापासून तिच्या दारापर्यंत पावलं टाकून बघितली. चाळीस.

नऊ कोस चालला आणि चाळीस पावलं राहिली. बुडख्याची वीत ज्यानं जन्मात कधी सोडली नाही, त्यानं.

आता माझं. गाडीत अडीचशे मोळ्या होत्या. बारामती अजून अडीच कोस. गाडी तिथंच लिंबाखाली सोडून पायी मागं फिरलो असतो, तर दिवस मावळायला निरवांगीत असतो. मी तसं केलं नाही. भरलेली गाडी मध्येच टाकायची मला माहीत नव्हती, आणि दसऱ्याला दोन दिवस होते. मी बारामतीला गेलो. माल उतरवला, बुडखे दाखवले, मोळ्या थप्पीला लावून दिल्या. मुक्काम केला. नवमीला पहाटे रिकामी गाडी जुंपली ती संध्याकाळी माळाखाली आली. बैल सोडले, चढ चढून थेट खडकावर गेलो.

सिद्धू तिथंच होता. हरण पुढं चरत होतं, पन्नास-साठ पावलांवर. ऊन कलतं होतं. तरवड पिवळा, ती मातीच्या रंगाची, शेपूट हलतंय. त्यानं मला हात वर केला. हलू नको.

मी हललो. सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. घासलेली भांडी, आई काय म्हणाली ते, गाठोडं न बांधता येईन म्हणाली ते. हळू आवाजात नाही सांगितलं.

तो ऐकत राहिला. "हाक मार म्हनाली?"

"नावानं."

"मला न्हाय यायची."

"हितं मारून बघ. हितं कोन हाय ऐकायला?"

त्यानं हरणाकडं बघितलं. मी म्हणालो, "तिच्याकडं बघू नको. ती आपनहून येती, कारन तिला पाय हायत आनि कुनाची रीत न्हाय. तुजी बायकू तरवड हाय, लेका. आत्ती काय म्हनाली त्या दिशी? चालत येनार हाय व्हय? आपन जायाचं असतंय. जाऊन हात लावायचा असतोय."

तो उभा राहिला. खाकरला. "कौसा," म्हणाला. मला जेमतेम ऐकू आलं.

"ह्ये काय? दारापतुर तरी जाईल का?"

"कौसा."

"मोठ्यानं!"

त्यानं घोंगडं खाली टाकलं. दोन्ही हात तोंडाशी नेले, मेंढरांना हाळी द्यायचे तसे. दहा वर्षांत त्यानं कशालाच हाळी दिली नव्हती.

"कौसा!"

माळावरून ती हाक लांब गेली. हरणाची मान वर झाली. एकदा पाय आपटून ते सुटलं. चार उड्या दिसल्या, मग ओघळ, मग काही नाही.

सिद्धूनं तिकडं बघितलं नाही. काठी उचलली. घोंगडं मीच त्याच्या खांद्यावर टाकलं. तो उतरणीला लागला, तसाच, न जेवता. खाली ओढ्यापर्यंत जाईस्तोवर तो अजून दोनदा ओरडल्याचं मला ऐकू आलं. शिकून घेत होता.

दसऱ्याला दिवस उगवायला तो काटेवाडीत होता. लिंबाखाली बसला नाही. दारापुढं जाऊन हाक मारली. आळीतली माणसं बाहेर आली. सोनबा आला. त्याच्या मागून कौसल्या आली, हातात तांब्या.

"आलात व्हय जावईबापू," सोनबा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "काल सुपारी फुटली."

बिजवराकडची माणसं नवमीलाच येऊन गेली होती. दसऱ्याला सोनं लुटायला ज्याला त्याला आपल्या गावी असावं लागतं. दसऱ्याला परगावी कोण थांबतो? सुपारीला दुसऱ्याच्या गावात कोण येईल? कौसल्याला बापानं दसरा सांगितला होता, तिनं मला दसरा सांगितला. पण मी या मातीतला, मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही, कारण मी मोळ्यांचा विचार करत होतो.

"शबुद दिला म्या," सोनबा म्हणाला. "पंच व्हते."

कौसल्यानं तांब्या पुढं केला. तो पाणी प्यायला. तिनं तांब्या परत घेतला.

"चांगली मारली हाक," ती म्हणाली. मग म्हणाली, "जावा आता. आज दसरा हाय. आत्ती एकल्या असतील."

एवढंच झालं. तो आला तेव्हा आम्ही सोनं वाटत होतो. त्यानं गोजरबाईच्या पाया पडून तिला पान दिलं, मला दिलं. खोपटाच्या कोपऱ्यात घटावर नऊ दिवसांच्या तरवडाच्या माळा होत्या, वाळलेल्या. कामाला तो दुसऱ्या दिवसापासून लागला. बारा मोळ्या.

हरण पुन्हा दिसलं नाही. आम्ही त्या हंगामात वाट पाहिली, पुढच्या हंगामात पाहिली. जीपवाल्यांनी गाठलं की दुसऱ्या माळाला गेलं, कुणाला माहीत. त्याच्यासाठी राखलेला तुकडा सिद्धूनं अठ्ठावन्नच्या भादव्यात तोडला. मी थांब म्हणालो होतो. "कशाला ठेवू?" म्हणाला. एकोणसाठला तिथं चौपट फुटलं होतं.

कौसल्या नीरेपल्याड नांदली. तीन मुलं झाली. मला एकदा इंदापूरच्या बाजारात दिसली. "भावजी, बरं हाय?" इतकंच. लांबून, मोठ्यानं.

सालीचं काम पुढं बंद पडलं. मी ऊसतोडीला गेलो, मग कारखान्यात उसाच्या मोळ्या उतरवायला, आणि तिथूनच घरी बसलो. गोजरबाई साठ साली गेली. सिद्धू माळ सोडून कुठं गेला नाही. दुसरं लग्न केलं नाही. दर घटस्थापनेला तरवडाची फुलं मात्र आणायचा. आत्या नव्हती तरी. घट बसवायला बाई लागते, ती घरात नव्हती. फुलं आणून तो नुसती देवापुढं ठेवायचा.

एक बदल झाला. तो मोठ्यानं बोलायला लागला. आधी त्याचं बोलणं दोन पावलांवर ऐकू यायचं नाही. आता मी चढावर दिसलो की तो वरच्या खडकावरून ओरडायचा, "कुंडलिक! पानी आनलंस का?" सगळ्या माळाला ऐकू जाईल एवढ्यानं. पाणी त्याच्याजवळ असायचं. मीही खालून तितक्याच मोठ्यानं सांगायचो, आणलंय म्हणून.